पहिल्यांदाच घोडा घेऊन मोंटान्या दे ओरोला निघालात ना?

जागा छान निवडलीत. कॅलिफोर्नियाच्या या स्टेट पार्कमध्ये घोडेवाल्यांसाठी वेगळे कॅम्प आहेत, पण आरक्षण आधीच करा.

खरी काळजी पाण्याची. घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर लागतं आणि परक्या चवीचं पाणी तो हुंगून सोडून देतो. कमी प्यायला की पोटशूळाची भीती. म्हणून निघण्याआधी चार-पाच दिवस घरच्याच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावा. तिथेही तोच घाला. माझी घोडी पहिल्या रात्री बादलीला तोंड लावेना, तेव्हा हे शिकलो. चाराही नेहमीचाच न्या.

पॉयझन ओक ओळखायला शिका. अंगाला लागलं की खाज-पुरळ आणणारं, तीन-तीन पानांचं झुडूप. घोड्याला सहसा काही होत नाही, पण त्याच्या अंगाला लागलेलं झुडपाचं तेल खरारा करताना तुमच्या हातावर येतं. वाळूच्या पट्ट्यावर 1 मार्च ते 30 सप्टेंबर स्नोई प्लोव्हर पक्ष्यांची वीण असते. दोरी बांधलेल्या भागात शिरू नका.

जवळच्या एडना व्हॅलीची पिनो न्वार ही रेड वाइन चाखायला जरूर जा, पण आळीपाळीने. घोड्यांपाशी एक जण हवाच, तोही न प्यायलेला!