जुन्या घराच्या राडारोड्याची खडी नव्या स्लॅबला चालेल का?

साताऱ्याजवळचं तुमचं जुनं आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) घर पाडताय आणि निघालेला राडारोडा जागेवरच फोडून त्याची खडी नव्या स्लॅबला वापरायची म्हणताय. माझं आयुष्य साइटवर काँक्रीट ओतण्यात चाललंय, म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो: स्लॅबला नको. पायाखालच्या पीसीसीला, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थराला, खुशाल वापरा.

बंदी आहे असं नाही. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीने जुनं काँक्रीट फोडून केलेल्या खडीला परवानगी दिली आहे. आरसीसीत एम 25 पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटची प्रत, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) आणि तेही 20 टक्के, सळईविना काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम 15 च्या खालच्या पीसीसीत पूर्ण 100 टक्के. पण त्यात विटा, गिलावा, लाद्या मिसळल्या की तो माल फक्त त्या शेवटच्या पीसीसीपुरता उरतो. आणि जेसीबी घर पाडतो तेव्हा सगळं एकत्रच लोळवतो!

शिवाय हिशेब करा. दहा ब्रास खडी लागणार असेल तर त्यातली दोन ब्रास जुनी. तेवढ्यासाठी फोडणं, सळई काढणं, चाळणं, लॅबमध्ये तपासणं. वाचलं काय?

खरी गोम पाण्यात आहे. आपली काळ्या पाषाणाची खडी पाणी फारसं पीत नाही. जुन्या खडीला मात्र सिमेंटचा जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो कोरड्या भाकरीसारखा पाणी ओढतो. म्हणून पाणी शोषणं 5 टक्क्यांच्या वर, 10 पर्यंत असेल तर खडी आधी भिजवूनच वापरायची, अशी अट आहे. एका कंपाउंडच्या कामात आम्ही ती कोरडीच मिक्सरमध्ये टाकली होती. अर्ध्या तासात माल घट्ट झाला, मी दुसऱ्या टोकाला होतो, तेवढ्यात मिस्त्रीने पाइप धरून पाणी वाढवलं. ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, कमी दाबालाच फुटले तेव्हा मान खाली घालायची पाळी माझ्यावर आली. कंपाउंड होतं म्हणून निभावलं. तसंही अशा काँक्रीटचा ताठपणा कमी आणि आकसणं जास्त, म्हणजे स्लॅब जास्त वाकणार आणि केसांसारखे तडे लवकर दिसणार.

छताला पीओपी असेल तर तो आधी उतरवा. त्यातलं जिप्सम काँक्रीटमध्ये गेलं तर सल्फेटमुळे ते आतून फुगतं. (कोकणातून वाचणाऱ्यांसाठी: उघड्या किनाऱ्यावरच्या आरसीसीला आयएस 456 हे काँक्रीटचं मानक किमान एम 30 मागतं आणि ही खडी एम 25 लाच थांबते. तिथे विषयच मिटला.)

तुमच्या जागी मी असतो तर दारं-खिडक्या, पीओपी, लाद्या, विटांच्या भिंती या क्रमाने उतरवून सांगाडा शेवटी पाडला असता. काँक्रीटचे तुकडे वेगळ्या ढिगात ठेवून त्यांची खडी पीसीसीला. विटांचे तुकडे नीट कुटून प्लिंथच्या भरावात जातात, फक्त त्यांत लाकूड, प्लॅस्टिक नको. तरीही स्लॅबचा हट्ट असेल तर ट्रायल मिक्सचे (आधी करून बघितलेल्या नमुना मालाचे) 28 दिवसांचे क्यूब बघून तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी सही करू द्या.

आणि पाडकामाच्या ठेकेदाराशी हे आत्ताच बोला. भंगारातली सळई त्यालाच मिळणार म्हणून तो दर कमी लावतो आणि त्याला घाई असते. वेगळे ढीग हवेत हे नंतर सांगितलंत तर तो जादा पैसे मागेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.