आधी एक बॉल उडवून दाखव

प्रश्न: सर, मी बार्शीला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला आहे. मला शिवकाळातल्या किल्ल्यांवर ओपन वर्ल्ड, म्हणजे खेळणाऱ्याला हवं तिथे मोकळं फिरता येईल असा थ्रीडी गेम बनवायचाय, स्टोरी लिहून झालीय, मॅपपण काढलाय. सहा महिने ट्युटोरियल्स बघतोय, बघताना सगळं कळतं पण रिकामा प्रोजेक्ट उघडला की डोकं बंद. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे. काय करू?

उत्तर: अरे, स्टोरी आणि मॅप नीट जपून ठेव, पण सध्या कपाटात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला, तिथे अख्खी टीम राबत होती आणि तोही ओपन वर्ल्ड नव्हता, मग तू एकटा ४ जीबीवर कुठे पुरा पडणार! ट्युटोरियल बघताना कळतं कारण विचार समोरचा करतोय, तू फक्त टाइप करतोयस.

तू पाँग बनव. हसू नको. १९७२ मध्ये अटारी या गेम कंपनीच्या नोलन बुशनेलने अ‍ॅलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून सरावाला जे काम दिलं ते हेच, दोन फळ्या, एक बॉल, वर स्कोअर, आणि सरावाचा तोच गेम पुढे बाजारात तुफान चालला. गोडो इंजिन घे, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, टूडीसाठी तुझ्या लॅपटॉपवर चालून जाईल, नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) फक्त कंपॅटिबिलिटी निवड. त्याची कोड लिहायची भाषा जीडीस्क्रिप्ट, दिसायला बरीचशी पायथनसारखी, कॉलेजात पायथन झालं असेल तर चार दिवसांत सरावशील.

आता दोन ठिकाणी तू हमखास अडकणार. पहिलं, तू लिहिशील की दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र येईल तितक्या वेळा, बॉल ५ पिक्सेल पुढे सरकव. सेकंदाला ६० फ्रेमच्या स्क्रीनवर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जाईल, मित्राच्या १४४ वाल्यावर ७२०, म्हणजे त्याच्याकडे बॉल दिसायच्या आत आउट! म्हणून वेग सेकंदाच्या हिशोबात धरायचा आणि डेल्टाने गुणायचा, डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. दुसरं, भिंतीला लागला की वेगाचं चिन्ह उलटं करायचं, सोप्पं वाटतं ना? माझा बॉल वरच्या भिंतीला चिकटून नुसता थरथरत बसला होता, दोन रात्री गेल्या त्यात. झालं असं की बॉल भिंतीत थोडा जास्तच घुसला, चिन्ह उलटलं, पण पुढच्या फ्रेमलाही तो आतच, मग परत उलटलं, परत आत. बॉल भिंतीकडे जात असेल तरच उलटव, की सुटला. (आणि हो, इथे वाय वरून खाली वाढतो, शाळेतल्या ग्राफच्या उलटा, यात सगळेच एकदा फसतात.)

मेनू, आवाज, गेम ओव्हर, रिस्टार्ट, सगळं कर, निम्मा वेळ तिथेच जातो आणि ट्युटोरियलवाले नेमकं तेच गाळतात. झाला की इच डॉट आयओ या गेम टाकायच्या वेबसाइटवर टाक, पैसे लागत नाहीत, लिंक मला पाठव. मग किल्ल्याचं बोलू, एका बुरुजापासून, तेही टूडीत.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणते मला गेम बनवायचाय. एक क्लासवाले २५ हजार मागतायत, कोर्सच्या शेवटी अ‍ॅप बनवून देतील म्हणे. भरू का?

उत्तर: ताई, थांबा, भरू नका. ते अ‍ॅप बहुतेक क्लासवालेच बनवतील, ती फक्त नाव टाकेल. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं स्क्रॅच आहे, फुकट, मुळात ८ ते १६ वयाच्या मुलांसाठीच केलेलं, कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. उघडल्यावर त्यात एक मांजर दिसतं, तुम्ही फक्त शेजारी बसा आणि विचारा, ‘हे मांजर काठाला गेल्यावर काय करणार गं?’ पहिल्या दिवशी ती त्याला पन्नास वेळा म्याव करायला लावेल, तेवढा हेडफोन शोधून ठेवा.