टॉवेलचे सूत आणि जर्मनीचे प्रतिज्ञापत्र

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ‘या मालात वेठबिगारीचा किंवा मानवताविरोधी गुन्ह्यांतून आलेला कच्चा माल नाही’ अशा प्रतिज्ञापत्रावर जर्मन ग्राहक सही मागतो. आमचा त्याच्याशी काय संबंध? सही करून टाकावी का?
– एक उत्पादक, सोलापूर

उत्तर : आहे तशी करू नका. जर्मनीत 2023 पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडची परिस्थिती तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून हा कागद तुमच्यापर्यंत आला.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात कंपनीवर खटला चालत नाही, फक्त माणसांवर चालतो. पण देशोदेशीची न्यायालये व्यापाऱ्यालाही सोडत नाहीत. फ्रान्स व्हान अनराट या डच व्यापाऱ्याने सद्दामच्या इराकला थायोडायग्लायकॉल विकले. हे रसायन कापडाच्या रंगाई-छपाईतही लागते, आणि माल कापडधंद्यासाठीच आहे असे वाटल्याचा त्याचा बचाव होता. त्यातून मस्टर्ड हा विषारी वायू बनला. डच न्यायालयाने 2005 मध्ये त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल 15 वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती वाढली. माल कशासाठी जातोय हे त्याला ठाऊक होते की नाही, यावरच सारे ठरले.

तुमच्याकडे खरी अडचण सुताची : ते कुठून आले हे ठाऊक असायला हवे. टेरीला दोन ताणे लागतात, खालचा आणि पाईलचा (वरच्या फासांचा), शिवाय बाणा (आडवा धागा). तिन्ही सुते वेगवेगळ्या गिरण्यांची असू शकतात. त्यात उरलेले कोन (सुताच्या गुंडाळ्या) पुढच्या ऑर्डरीत मिसळले, की माग काढणे संपले. सुताच्या पेटीवरचा लॉट नंबर बीमच्या (ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या) नोंदवहीत आणि ऑर्डरच्या फाइलीत उतरवा, गिरणीकडून कापसाच्या गाठींचा उगम लेखी घ्या, उरलेले कोन वेगळे ठेवा. बाहेर जॉबवर विणून घेता तिथेही हीच नोंद मागा. माल अमेरिकेलाही जात असेल तर चूक महागात पडेल : चीनमधल्या शिनजियांगचा कापूस सक्तीच्या मजुरीचाच, असे तिथला कायदा जून 2022 पासून गृहीत धरतो.

कामगारांना दिलेल्या उचलीकडे मात्र आधी बघा. उचल फिटेपर्यंत कामगाराला दुसरीकडे जाऊ न देणे ही 1976 च्या कायद्याने वेठबिगारी ठरू शकते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजेही सक्तीची मजुरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. उचलीची लेखी नोंद करा, व्याज लावू नका, पगार बँकेत द्या, कुणाचे आधार कार्ड अडकवू नका.

मग प्रतिज्ञापत्रात लिहा : ‘अमुक लॉट, गिरणीपर्यंत तपासले, त्यापलीकडे गिरणीच्या लेखी माहितीवर विसंबलो.’ ग्राहक हे वाक्य काढायला सांगेल, काढू नका.