नानदाओ हे खरं शस्त्र की अलीकडे रचलेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकते आहे, आता तिला नानदाओ ही तलवार घ्यायला सांगितलंय. क्लासमध्ये सांगतात की हे शाओलिन मठातलं हजार वर्षांपूर्वीचं शस्त्र. ओळखीतल्या एका जाणकारानं मात्र सांगितलं की हे १९९० नंतर स्पर्धेसाठी बनवलेलं नकली हत्यार आहे. मग खरं काय, आणि त्यावर पैसे घालावेत का?

आधी सरळ उत्तर देतो. नानदाओ प्राचीन नाही, शाओलिनचं नाही, आणि नकलीही नाही. मुलीला जरूर घेऊन द्या. मी स्वतः नानक्वान, म्हणजे वुशूतली दक्षिणेची शैली, शिकवतो आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चीनमध्ये वुशूला आजच्या स्पर्धेचं रूप १९५० च्या दशकात आलं. १९५८ साली चिनी वुशू संघटना स्थापन झाली आणि १९५९ साली स्पर्धेचे पहिले नियम ठरले. त्यात वरचष्मा होता उत्तरेकडच्या शैलींचा. चांगक्वान ही उत्तरेकडची शैली खेळणाऱ्याला रिकाम्या हातांच्या ताओलूबरोबर (ताओलू म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका) दाओ म्हणजे एकधारी तलवार, जिआन म्हणजे दुधारी तलवार, भाला आणि काठी असे चार शस्त्रप्रकार मिळाले. दक्षिणेच्या, म्हणजे ग्वांगदोंग-फुजिआन भागातल्या होंग गार, चॉय ली फुट अशा शैलींमधून वेचून नानक्वान हा प्रकार १९६० च्या सुमारास बांधला गेला, पण तो बरीच वर्षं रिकाम्या हातांचाच राहिला. शस्त्रांच्या प्रकारांत दक्षिणेला स्वतःची जागाच नव्हती. १९९० साली आंतरराष्ट्रीय वुशू महासंघ स्थापन झाला, १९९१ मध्ये बीजिंगला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि त्याच दशकात ही उणीव भरून काढली गेली. नानक्वानला एक आखूड आणि एक लांब अशी दोन शस्त्रं मिळाली: नानदाओ आणि नानगुन ही काठी. म्हणजे तुमच्या ओळखीच्या माणसानं सांगितलेला काळ बरोबर आहे.

पण त्याचा आराखडा हवेतून आलेला नाही. दक्षिण चीनमध्ये आखूड, रुंद पात्याच्या तलवारींची जोडी वापरायची जुनी पद्धत आहे, ज्यांना आज सगळे फुलपाखरू तलवारी म्हणतात. १९ व्या शतकात ग्वांगदोंगला आलेल्या युरोपीय लोकांनी ही जोडी हातात घेतलेल्या चिनी शिपायांची वर्णनं लिहून ठेवली आहेत, चित्रंही काढली आहेत. नानदाओ करताना त्या जोडीतली एक तलवार घेतली, पातं लांब केलं, मूठ प्रसंगी दोन्ही हात बसतील इतकी वाढवली आणि परजेचं एक टोक वर, एक खाली असं वळवलं. नानक्वानचा पवित्रा खोल असतो, जोर कमरेतून निघतो, हात जवळून आणि ठाशीव चालतात. त्या शरीराला शोभेल आणि पंचांच्या टेबलावरून नीट दिसेल असं हे शस्त्र आहे. कोणत्याही लढाईत ते कधी वापरलं गेलं नाही. ते ज्या कामासाठी घडवलं ते काम मात्र ते उत्तम करतं, आणि त्यातली मेहनत शंभर टक्के खरी असते. तुमची मुलगी पहिल्यांदा पूर्ण ताओलू खेळून उतरेल तेव्हा तिचे खांदे आणि मांड्या तुम्हाला हे सांगतील.

आता शाओलिनचं. मठाचा लढाईशी संबंध खरा आहे, त्याला दगडावर कोरलेला पुरावा आहे. इ. स. ६२१ मध्ये शाओलिनच्या भिक्खूंनी ली शिमिनला, म्हणजे पुढे तांग घराण्याचा सम्राट झालेल्या राजपुत्राला, युद्धात मदत केली. मठातल्या ७२८ च्या शिलालेखात ती हकिगत आहे आणि १३ भिक्खूंची नावं आहेत. पण भिक्खूंनी हातात काय धरलं होतं, कोणती विद्या वापरली, याबद्दल त्यात अक्षर नाही. शाओलिनचं म्हणून ज्याची भक्कम लेखी परंपरा सापडते ते शस्त्र म्हणजे काठी. १५५३ मध्ये किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेले भिक्खू लोखंडी दंड घेऊन उतरले होते, आणि चेंग झोंगयोऊ यांनी मठात राहून शिकलेल्या काठीच्या विद्येवर १७ व्या शतकाच्या सुरुवातीला ग्रंथ लिहिला.

मग प्रत्येक शस्त्राला शाओलिनचं नाव का चिकटतं? एक कारण दुःखद आहे. १९२८ साली सरदार शी योऊसान याच्या सैन्यानं मठाला आग लावली. ती कित्येक दिवस धुमसत होती आणि मुख्य इमारतींबरोबर मठाचा ग्रंथसंग्रह जळाला. जिथे कागदच उरले नाहीत तिथे कोणीही काहीही सांगू शकतो, आणि खोडून काढणं अवघड जातं. दुसरं कारण सिनेमा आणि पर्यटन. आज मठाभोवतीच्या डेंगफेंगमध्ये हजारो मुलं वुशू शिकतात आणि तिथल्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना आवडेल ते प्रत्येक शस्त्र दिसतं. पाहणारा ते सगळं मठाच्या नावावर जमा करतो.

आपल्याकडे यात बोधिधर्माची भर पडते. भारतातून गेलेल्या भिक्खूनं चिन्यांना युद्धकला शिकवली, ही गोष्ट आपल्या क्लासेसमध्ये अभिमानानं सांगतात, आणि तो अभिमान मला समजतो. पण शांघायचे वकील आणि युद्धकलेचे इतिहासकार तांग हाओ यांनी १९३० सालीच कागदपत्रं तपासून दाखवून दिलं की या गोष्टीला जुना आधार नाही. ज्या व्यायामग्रंथाला बोधिधर्माचं नाव जोडलेलं आहे तो यीजिन जिंग १७ व्या शतकातला, १६२४ च्या सुमारचा आहे. तांग हाओ स्वतः युद्धकलेचे अभ्यासक होते, नानजिंगच्या केंद्रीय गुओशू (युद्धकला) संस्थेत काम करत होते. आपल्याच विद्येबद्दल इतक्या कठोरपणे खरं बोलणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

‘नवीन म्हणजे नकली’ या म्हणण्याला माझा खरा विरोध इथे आहे. चीनच्या इतिहासात ज्या शस्त्रांनी प्रत्यक्ष माणसं मारली आणि वाचवली, त्यातली कितीतरी त्या त्या वेळी अगदी नवी होती. १६ व्या शतकातले सेनापती ची जिगुआंग घ्या. जपानी चाच्यांच्या लांब तलवारींपुढे त्यांचे शिपाई कचरत होते. तेव्हा त्यांनी ११ लढवय्ये आणि एक स्वयंपाकी अशी १२ जणांची तुकडी बांधली आणि त्यातल्या दोघांच्या हातात लांगशियान दिलं. लांगशियान म्हणजे फांद्या न छाटलेला लांबच लांब बांबू, टोकाला लोखंडी पातं. त्याआधीच्या शतकात बंडखोर खाणकामगारांनी ते वापरलं होतं. दिसायला बागेतून तोडून आणल्यासारखं, पण तलवार त्या फांद्यांत अडकायची आणि मागचे भालेवाले तेवढ्यात काम उरकायचे. कोणत्याही गुरूच्या गुप्त वारशातलं हे शस्त्र नाही. गरज पडली, बांबू हाताशी होता.

किंवा दादाओ. रुंद, टोकाकडे जड, मुठीच्या शेवटी कडं असलेली ही दोन हातांची तलवार चिनी सैन्यात गाजली ती १९३३ साली. चीनच्या भिंतीजवळ शीफेंगकौच्या खिंडीत २९ व्या सेनेकडे आधुनिक शस्त्रांचा तुटवडा होता. मार्चमध्ये झाओ देंगयू यांच्या तुकडीनं रात्री जपानी तळावर चढाई करून या तलवारींनी हातघाईची लढाई दिली. ही पाती साध्या लोहारांकडून घडवून घेतलेली, काही तर अगदी ओबडधोबड. तिच्याइतकं ‘अस्सल’ शस्त्र मला दुसरं सांगता येणार नाही.

आता उलट बाजू पाहा, कारण जुनेपणाचा शिक्का किती फसवा असतो ते तिथे कळतं. ग्वानदाओ तुम्ही पाहिलं असेल, उंच दांड्यावर चंद्रकोरीसारखं मोठं पातं. ते तिसऱ्या शतकातला वीर ग्वान यू याचं म्हणून जगभर ओळखलं जातं. त्याच्या जवळच्या काळातल्या इतिहासात मात्र असं काही नाही. तिथे त्यानं इ. स. २०० मध्ये घोडा दौडवत शत्रूच्या सेनापतीला भोसकून मारल्याची नोंद आहे, आणि हे काम भाल्याचं वाटतं. चंद्रकोरी पात्याचं शस्त्र स्पष्ट दिसतं ते १०४४ च्या सुंग काळातल्या लष्करी कोशात, म्हणजे ग्वान यू गेल्यावर आठशेहून अधिक वर्षांनी. पुढे कादंबरीकारांनी त्याच्या हातात ८२ जिनचं (जिन हे वजनाचं चिनी माप) पातं दिलं आणि देवळातल्या मूर्तींनी ते कायमचं केलं. यात एक गंमत फारच सुंदर आहे. चिंग राजवटीच्या लष्करी परीक्षेत उमेदवारांना ८०, १०० आणि १२० जिन वजनाची पाती उचलून फिरवावी लागत. १२० जिन म्हणजे साधारण ७२ किलो! लढाईत हे कोण वापरणार? ते ताकद तपासायचं साधन होतं, आणि १९०१ मध्ये ती परीक्षा बंद होईपर्यंत चालू होतं. म्हणजे शस्त्राच्या आकाराचं, पण लढाईसाठी नसलेलं साधन ही आधुनिक वुशूची करामत नव्हे. सरकारी परीक्षेत ते कित्येक पिढ्या होतं, आणि त्याला कोणी नकली म्हणत नाही.

मियाओदाओचा इतिहास मला सगळ्यांत जास्त आवडतो. ही लांब, सडपातळ, दोन हातांची तलवार. क्लासमध्ये तिला सर्रास हजारो वर्षांचा वारसा जोडतात. खरी हकिगत त्याहून किती रसाळ आहे! ची जिगुआंग यांना १५६१ मध्ये लढाईत एक जपानी तलवारबाजीची पोथी मिळाली आणि त्यांनी ती विद्या आपल्या शिपायांसाठी वापरली. वर ज्यांचा उल्लेख केला त्या चेंग झोंगयोऊ यांनी या तलवारीवरही लिहिलं आणि ही विद्या जपानी आहे हे न लपवता सांगितलं. त्यांच्या तलवारीचं मापही त्यांनी दिलं आहे: पातं ३ फूट ८ इंच आणि मूठ १ फूट २ इंच, चिनी मापानं. मग मियाओदाओ हे आजचं नाव रूढ झालं २० व्या शतकात, जेव्हा बाओदिंगमध्ये सरदार त्साओ कुन याच्या सैन्यात ही तलवार शिकवली जाऊ लागली. तिथूनच पुढे आलेले ग्वो चांगशेंग यांनी १९२८ मध्ये स्थापन झालेल्या नानजिंगच्या संस्थेत शिकवलं, आणि जुन्या ताओलूच्या जोडीला पावलांची नवी चाल घालून दुसरी ताओलू रचली. चिनी, जपानी, मिंगकालीन, प्रजासत्ताककालीन, सगळं एका पात्यात. प्रत्येक टप्प्यावर कोणी काय बदललं ते माहीत आहे. मला हेच अस्सलपणाचं लक्षण वाटतं: बदल झाला की नाही यापेक्षा बदल करणाऱ्यानं तो उघड सांगितला की नाही.

म्हणून माझी तक्रार नानदाओबद्दल नाही, त्याला खोटा जन्मदाखला जोडण्याबद्दल आहे. ज्यांनी ही ताओलू रचली त्या माणसांनी अवघड काम केलं, आणि आपण त्यांचं श्रेय काढून एका काल्पनिक भिक्खूला देतो. शिवाय मुलांचं नुकसान होतं. ‘हे प्राचीन युद्धशस्त्र आहे’ असं ऐकलेलं मूल स्पर्धेच्या पत्र्यासारख्या पात्यानं स्वतःचा बचाव करता येईल असं मानू लागतं. जुन्या तलवारीचं पातं मुठीजवळ जाड आणि टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे तिचा तोल हाताला वेगळाच जाणवतो. स्पर्धेचं पातं वेगासाठी आणि आवाजासाठी पातळ ठेवतात. दोन्हींची कामं वेगळी, हे दहा वर्षांच्या मुलीलाही नीट समजतं, तिला सांगून बघा.

तुमच्या प्रशिक्षकांवर रागावू नका. बहुतेकांनी हे त्यांच्या गुरूंकडून जसं ऐकलं तसंच पुढे दिलं आहे, आणि शिकवणं चांगलं असेल तर क्लास सोडायचं काही कारण नाही. एखाद्या दिवशी शांतपणे विचारा, “सर, ही ताओलू कोणी आणि केव्हा रचली?” मनमोकळं उत्तर देणारा प्रशिक्षक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

खरेदीचं सांगतो. स्पर्धेचं माप असं बघतात: डावा हात सरळ खाली सोडून नानदाओ पात्याची पाठ हाताला लावून उभं धरायचं, टोक हनुवटीच्या खाली राहता कामा नये. साध्या दाओ आणि जिआनला हेच माप कानाच्या वरच्या कडेचं असतं, म्हणून दुकानदार ‘एकच साइज चालते’ म्हणाला तरी मुलीला सोबत नेऊनच घ्या. वाढत्या वयात एक माप वर घेतलेलं चालेल, पण मूठ तिच्या पंजात बसायला हवी. परज पात्याशी घट्ट आहे ना, हलवल्यावर खडखड येत नाही ना, हे हातानं तपासा. धार अजिबात नसावी. आणि तिला दक्षिणेच्या जुन्या शस्त्रांची ओढ वाटली तर वर्षभरानं लाकडी फुलपाखरू तलवारींची जोडी द्या आणि ती पद्धत परंपरेनं शिकलेला शिक्षक शोधा. नानक्वानचा पाया असेल तर ती ते लवकर उचलेल.