दरी, खोरं, घाटी आणि 'अनामिक' हिमनदी

धरमपेठेतल्या एक ताई हिमालयातल्या जुन्या सर्वेक्षण मोहिमेची इंग्रजी डायरी मराठीत आणताहेत. त्यांचा प्रश्न असा : 'व्हॅली' म्हणजे दरी, खोरं की घाटी? 'ग्लेशियर'ला हिमनदी म्हणावं की हिमनद? आणि 'अननेम्ड ग्लेशियर'ला 'अनामिक' चालेल का?

घाटी आधी बाजूला काढा. आपल्या नागपुरात हिंदी उठता-बसता कानावर पडते, म्हणून 'लाहौल घाटी' सहज लिहून जातो. मराठीत घाटी म्हणजे घाटातली चढणीची पायवाट. (मुंबईकरांनी त्या शब्दाचं पुढे काय केलं, ते सोडा.) दरी वरून दिसते, तिच्यात बस कोसळते, खोऱ्यात मात्र गावं वसतात, गुरं चरतात. वैनगंगेचं खोरंच असतं, काश्मीरचंही. तेव्हा मुक्काम, वाट, वस्ती यांच्या वर्णनात खोरं लिहा. बर्फाने झिजून झालेल्या आकाराबद्दल बोलताना भूगोलाच्या पुस्तकातली 'यू आकाराची दरी' तशीच राहू द्या, ती आता परिभाषा आहे. हिमनदी रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

खरी अडचण नावांच्या शेपटाची. लाहौलमध्ये शिग्री म्हणजेच हिमनदी, गढवालात बामक म्हणजे हिमनदी, लडाखात ला म्हणजे खिंड. 'बडा शिग्री हिमनदी', 'खार्दुंग ला खिंड' हे मेळघाटातल्या सेमाडोहला 'सेमाडोह डोह' म्हणण्यासारखं झालं. पहिल्यांदा अर्थ सांगून टाका, मग नुसतं 'बडा शिग्री'.

आता 'अनामिक'. या शब्दाशी माझं भांडण आहे. ज्याला नावच नाही, ते अनामिक. डायरीतल्या 'अननेम्ड'चा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की सर्वेक्षकाच्या कागदावर नाव नव्हतं. मेंढपाळांच्या तोंडी ते असू शकतं. सियाचीन हे नाव बाल्टी भाषेतलं आहे, रानगुलाबांची जागा अशा अर्थाचं. म्हणजे इंग्रज तिथे लांबी मोजायला पोचण्याआधी कुणीतरी तिथली झुडपं पाहिली होती. काराकोरममधल्या लुकपे लावो या हिमक्षेत्राला गिर्यारोहक मार्टिन कॉन्वेने 1892 मध्ये 'स्नो लेक' केलं. दुसरा गिर्यारोहक फ्रँक स्माइथ 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतताना भ्यूंडार खोऱ्यात उतरला आणि जगाला 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' मिळाली. भ्यूंडार मागे पडलं.

इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याचा शिरस्ता खरं तर स्थानिक नाव विचारून लिहिण्याचा. त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरकडे येताना आपल्या हिंगणघाटातच वारला. पुढे त्याच सर्वेक्षणाने एव्हरेस्टच्या बाबतीत शिरस्ता मोडला. तिबेटी लोक त्या शिखराला चोमोलुंग्मा म्हणत होते, तरी 1865 मध्ये एव्हरेस्ट हे नाव पक्कं झालं. ज्यांचं नाव दिलं त्या, खात्याच्या माजी प्रमुख एव्हरेस्टसाहेबांचाच आक्षेप होता की आपलं नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही! केटूचा तर नोंदवहीतला क्रमांकच नाव होऊन बसला.

म्हणून ताई, 'अनामिक'ऐवजी 'नकाशात नाव नसलेली हिमनदी' लिहा, लांब झालं तरी. मोहिमेने स्वतः ठेवलेली नावं भाषांतरित करू नका. 'स्नो लेक'चं 'हिमसरोवर' केलं, तर वाचकाला ते नकाशात सापडायचं नाही. आणि जिथे जुनं नाव ठाऊक असेल तिथे ते आधी, कंसात साहेबाचं.