वाचकांचे प्रश्न: एकच वाफ किती वेळा वापरायची?

मागच्या अंकात 'तुमच्या प्लँटमध्ये काय वाया जातं ते लिहून पाठवा' असं म्हटलं होतं, तर तुम्ही मनावरच घेतलंत. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, त्यातली चार पत्रं घेतोय, नावं काढून टाकलीत, नोकऱ्या टिकायला हव्यात ना.

काका, मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. आमच्याकडे पाच बॉडींचा (भांड्यांचा) इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायचं यंत्र आहे, तरी स्टीम ऑन केन, म्हणजे १०० किलो उसामागे लागणारी वाफ, ४८-५० टक्क्यांच्या खाली येत नाही. पाहुण्यांच्या कारखान्यात म्हणे ३६ वर आलेत. आमच्याकडे आता नवीन बॉयलर घ्यायचं चाललंय. खरंच लागतो का?

नको रे बाबा. बॉयलर घेणं म्हणजे माठ गळतोय म्हणून मोठा माठ आणणं.

तू गुऱ्हाळ पाहिलं असशीलच. चुलवणात चिपाडं कोंबायची, काहिलीत रस रटरटतो, वर पांढरा ढग, आणि त्या ढगाखाली उभं राहिलं की थंडीत किती बरं वाटतं. पण तो ढग म्हणजे जळालेलं चिपाड आहे, एकदाच वापरलं आणि आभाळात सोडलं. आता हेच कारखान्यात केलं तर काय होईल ते बघ. १०० किलो उसामागे इंबिबिशनचं पाणी (गाळताना चिपाडावर मारतात ते) धरून साधारण १०० किलो रस, १५ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर किलोत १५ किलो विरघळलेला माल, त्याचा ६० ब्रिक्सचा सिरप करायचा म्हणजे ७५ किलो पाणी उडवायचं. काहिलीच्या हिशेबाने ७५ किलोच्या वर वाफ लागली. आणि बगॅस, म्हणजे चिपाड, मिळतो २८-३० किलो, निम्मा ओला, त्याची वाफ होते किलोला दोन-सव्वादोन किलो, म्हणजे सगळी मिळून साठेक. जळणच पुरणार नाही, सिरपची साखर करणारे पॅन तर अजून चालूच केले नाहीत.

यातून सुटका केली नॉर्बर्ट रिल्यूने. लुईझियानातला माणूस, त्याची आई कृष्णवर्णीय, आणि तिथे तेव्हा गुलामांकडून उकळता रस या कढईतून त्या कढईत पळीने उपसून घ्यायचे. त्याने १८४३ मध्ये पेटंट घेतलं ते याचं: पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवेल, दुसऱ्याची तिसऱ्याला, फक्त पुढच्या भांड्यात व्हॅक्यूम वाढवत न्यायचा म्हणजे तिथे कमी तापमानाला उकळतं. पाच बॉडी असल्या की ७५ किलो पाण्याला १५-१६ किलो वाफ पुरते. आज आपण सस्टेनेबल सस्टेनेबल करतो, तो माणूस तेव्हा नुसता जळण वाचवत होता.

मग तुमचे ५० कुठून येतात? ज्यूस हीटर आणि पॅन थेट एक्झॉस्टवर, म्हणजे टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवर असणार, पैज लावतो. व्हेपर ब्लीडिंगचा, म्हणजे मधल्या बॉडीतून रसाची वाफ काढून दुसरीकडे वापरण्याचा नियम तुला परीक्षेत आला असेल, आता तो शॉप फ्लोअरवर वापर: पाच बॉडींच्या सेटमध्ये दुसऱ्या बॉडीतून १० टन वाफ काढून एक्झॉस्टच्या जागी वापरली तर ४ टन एक्झॉस्ट वाचतो, तीच १० टन चौथ्यातून काढली तर ८ टन. म्हणजे जितकी शेवटची, थंडगार, 'हिचा काय उपयोग' म्हणून कंडेन्सरला घालवलेली वाफ वापरशील तितकी बचत जास्त. कच्चा रस ३० अंशावर येतो, त्याला ४५ पर्यंत न्यायला शेवटच्या बॉडीची ५५ अंशाची वाफसुद्धा चालते, तिथे एक्झॉस्ट लावणं म्हणजे कोहळा देऊन आवळा घेणं. तिथून पुढे चौथी, तिसरी, दुसरी असं वर चढत जायचं. पॅनला पहिल्या-दुसऱ्याची वाफ. एक लक्षात ठेव, ब्लीडिंग वाढवलं की सुरुवातीच्या बॉडींवर लोड येतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या बॉडीचा हीटिंग सरफेस वाढवावा लागतो आणि ट्यूबमधला खार वेळेवर काढावा लागतो, नाहीतर आठ दिवस छान चालेल, नवव्या दिवशी सिरप पातळ यायला लागेल आणि सगळे तुझ्या नावाने खडे फोडतील.

पातळ सिरपचीच गंमत सांगतो. ५५ ब्रिक्सचा सिरप दिला तर १०० किलो उसामागे सव्वासत्तावीस किलो पडतो, ६२ चा दिला तर सव्वाचोवीस. तीन किलो पाण्याचा फरक. ते पाणी इव्हॅपोरेटरमध्ये उडवलं असतं तर पाऊण किलोच्याही आत वाफ लागली असती, पॅनमध्ये उडवायचं म्हणजे किलोला किलोच्या वर. पॅनमध्ये वाफ एकदाच वापरली जाते हे पॅनमनला कुणी सांगितलेलंच नसतं, तो बिचारा साखरेचा दाणा फिरता राहावा म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह जरा सैल सोडतो, मोलॅसेस (मळी) डायल्यूट करणारा अजून जरा जास्त, साखर गरगर फिरवून मळी वेगळी करणारा सेंट्रिफ्यूगलवाला वरून धुतो. मी नोकरीला लागलो तेव्हा ते पाणी मोजायला मीटरच नव्हता, मी आणि एका फिटरने ड्रम लावून एका शिफ्टचं पाणी मोजलं तेव्हा चीफ केमिस्ट साहेब दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तू आधी तेवढं कर. बॉयलरच्या पैशातला थोडा पैसा हीटरना आणि मीटरना घातलास तरी पुरे.

आणि जाता जाता, नदीतून पाणी उचलण्याचं एमडींनी काढलं तर सांग, उसातच ७० टक्के पाणी असतं, टनाला ७०० लिटर, ते तुम्हीच कंडेन्सेट करून, म्हणजे वाफेचं परत पाणी करून, गरम गरम गटारात सोडताय.

आमचं एमआयडीसीत छोटं युनिट आहे, डाय इंटरमीडिएट, म्हणजे रंगांसाठी लागणारी मधली रसायनं. नायट्रोचं अमाईन लोखंडाच्या चुऱ्याने करतो. गाळ टाकायचा खर्च परवडेनासा झालाय. कन्सल्टंट म्हणतात हायड्रोजनेशनला जा, म्हणजे लोखंडाऐवजी हायड्रोजन वायू वापरा, ते ग्रीन आहे. जाऊ का?

ग्रीन हा शब्द बाजूला ठेवा, वजनकाटा आणा. समजायला सोपं म्हणून अनिलिनच घेतो, तुमचा माल वेगळा असला तरी हिशेब असाच बसतो. बेशाँ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची ही रीत १८५४ ची, अजून चालते म्हणजे काहीतरी दम असेलच. चार मोल नायट्रोबेंझीन, नऊ मोल लोखंड, चार मोल पाणी, त्यातून चार अनिलिन आणि तीन आयर्न ऑक्साईड. वजनात मांडा: ९३ किलो अनिलिनमागे १७४ किलो कोरडा गाळ. कोरडा म्हणतोय, तुमच्या फिल्टरमधून निघतो तो ओला आणि अमाईनचा वास मारणारा, त्यामुळे टाकायचं बिल त्याहून मोठं. मालापेक्षा कचरा जास्त, म्हणजे खरं तर तुम्ही गाळाचे कारखानदार, अनिलिन जोडधंदा.

याच मोजमापाला रॉजर शेल्डनने १९९२ मध्ये ई-फॅक्टर म्हटलं, किलो मालामागे किती किलो कचरा. तुमचा इथेच दोनाच्या जवळ गेला, सॉल्व्हंट आणि धुण्याचं पाणी धरलंच नाही. हायड्रोजनने केलं तर त्याच ९३ किलोमागे ३६ किलो पाणी निघतं, बस्स. कागदावर प्रश्नच मिटला.

आता कागदाबाहेर या. ही रिअॅक्शन भयानक तापते, मोलला पाचशे किलोज्यूलच्या वर, आणि मध्ये हायड्रॉक्सिलअमाईन (अर्धवट झालेला, भडकणारा माल) साचलं तर रिअॅक्टर तुमचं ऐकत नाही. लोखंडाच्या रिअॅक्टरमध्ये चुरा थोडा थोडा घालून तुमचा माणूस वर्षानुवर्षं तापमान हाताळत आलाय, त्याला एकदम प्रेशरच्या हायड्रोजनसमोर उभं करू नका. आणि ६ किलो हायड्रोजन आला कुठून? बहुतेक नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या रिफॉर्मरमधून, तिथे किलोला नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे तुमचा साठेक किलो कचरा गाळात न दिसता दुसऱ्याच्या चिमणीतून गेला. तरीही १७४ किलो गाळापेक्षा परवडलं, माझं मत हायड्रोजनेशनच्याच बाजूने आहे. पण महिन्याला दोन-चार बॅच असतील तर स्वतःचा हायड्रोजनेटर टाकू नका, ज्याच्याकडे आहे, ज्याची माणसं शिकलेली आहेत, त्याच्याकडून जॉबवर करून घ्या.

यात एक गंमत आहे, कन्सल्टंटने सांगितली नसेल. जर्मनीत १९२० च्या दशकात लाउक्स नावाच्या केमिस्टने उलटा विचार केला, गाळ कसा कमी करायचा हे सोडून गाळच विकण्यासारखा कसा करायचा ते बघितलं. रिडक्शन करताना काही क्षार घालून आयर्न ऑक्साईडचे कण हव्या त्या रंगाचे आणि आकाराचे पाडले, काळा, पिवळा, भाजून लाल. ते रंगात आणि सिमेंटच्या फरशीत जातं. ती रीत तिकडे अजून चालू आहे. मात्र तुमचा आजचा गाळ घेऊन रंगवाल्याकडे जाऊ नका, तो हाकलून देईल, पिगमेंट हवं असेल तर रिअॅक्शन पहिल्यापासून पिगमेंटसाठी चालवावी लागते.

सर, मी फायनल इयर केमिकलची विद्यार्थिनी. प्रोजेक्टचा विषय 'सस्टेनेबल प्रोसेस ऑप्टिमायझेशन युजिंग जेनेटिक अल्गोरिदम' असा गाईडने दिलाय. सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉलेजकडे नाही. कुठून सुरुवात करू?

अगं अल्गोरिदम राहू दे जरा. लायसन्सचं म्हणशील तर डीडब्ल्यूसिम हे प्लँटचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ते कॉलेजांमध्ये पोचवलंय, तुझ्या कामाला भरपूर झालं.

एक डिस्टिलेशन कॉलम घे आणि रिफ्लक्स, म्हणजे वरून निघालेल्या मालातला परत कॉलममध्ये सोडायचा वाटा, बदलत एकूण खर्चाचा ग्राफ काढ. रिफ्लक्स कमीत कमी ठेवलास तर कॉलममधले ट्रे अनंत लागतात, वाढवलास तर ट्रे कमी पण तळाला उकळवणारा रिबॉयलर वाफ खात सुटतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की कमीत कमीच्या १.१ ते १.५ पटीत बरा पडतो. तुला दिसेल की ग्राफचा तळ परातीसारखा सपाट असतो, थोडं इकडे-तिकडे झालं तर खर्चात फारसा फरक नाही. मग त्या सपाट तळात डावीकडे, कमी वाफेकडे का नाही बसायचं? आता वाफेचा भाव दीडपट कर, आणि तळ किती सरकतो बघ. प्रोजेक्टचा अर्धा जीव इथेच आहे. व्हायव्हाला कुणी अल्गोरिदम विचारलाच तर ग्राफ पुढे कर.

दुसरं म्हणजे पिंच शीक. बोडो लिनहॉफने सत्तरच्या दशकाच्या शेवटी मांडलेली गोष्ट, आपल्या आजीला आधीच माहीत होती. प्लँटमध्ये गार होणारे सगळे प्रवाह एकत्र मांडायचे, तापणारे एकत्र मांडायचे, आणि दोघे जिथे एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात, समज दहा अंशांवर, ती चिमट्याची जागा. तिच्या वर उष्णता कमी पडते, खाली उरते. वरची एक युनिट उष्णता खाली झिरपू दिलीस तर दंड दोनदा, वर एक युनिट वाफ जास्त आणि खाली एक युनिट कूलिंग वॉटर जास्त. वर सांगलीच्या मुलाला जे सांगितलं ते हेच, फक्त उसाच्या भाषेत.

आणि जवळच्या एखाद्या प्लँटमध्ये जाऊन स्टीम ट्रॅपची (वाफ अडवून फक्त तिचं पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) बादली टेस्ट करून ये, हातमोजे घालून आणि ऑपरेटरला विचारून, वाफेने भाजतं ते उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. बादलीत ३० अंशाचं १५ किलो पाणी घ्यायचं, ट्रॅपच्या डिस्चार्जची नळी आत बुडवायची, वजन एक किलोने वाढलं की नळी काढायची. पाणी ३५-३७ अंशाला आलं तर ट्रॅप ठीक, कंडेन्सेट येतंय. ६८ ला गेलं तर त्यातून जिवंत वाफ चाललीय. बादली, काटा, थर्मामीटर, एवढंच सामान. बाहेरचे परीक्षक हेच लक्षात ठेवतील बघ.

आमच्या गावाजवळ डिस्टिलरी आहे. विहिरीचं पाणी चहासारखं झालंय. कारखानेवाले म्हणतात आमच्याकडे झिरो डिस्चार्ज आहे. खरं मानायचं का?

ताई, झिरो डिस्चार्ज म्हणजे पाणी बाहेर सोडत नाही, घाण नाहीशी झाली असं नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागे उरलेलं सांडपाणी, निघतो, तपकिरी, त्या रंगाला मेलॅनॉइडिन म्हणतात, जिवाणूंना तो सहज पचत नाही, म्हणून बायोगॅस काढून घेतल्यावरही रंग राहतो. नीट करणारे तो आटवून ६० ब्रिक्सपर्यंत नेतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात, त्याच्या राखेत पोटॅश असतं. १४.५ टक्के पोटॅशचं ते खत म्हणून विकता येतं, आणि आपला देश पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो, त्यामुळे ही राख फेकणारा मूर्खच. पण आटवायला वाफ लागते, आणि वाफ महाग झाली किंवा बॉयलर बंद पडला की स्पेंटवॉश लगूनमध्ये, म्हणजे साठवायच्या तळ्यात, थांबतो. लगूनचं अस्तर फाटलं असेल तर तिथून तो जमिनीत आणि तुमच्या विहिरीत.

म्हणून भांडताना 'तुमचं झिरो आहे का' असं विचारू नका, ते हो म्हणतील. असं विचारा: रोज अल्कोहोल किती लिटर, स्पेंटवॉश किती, बॉयलरमध्ये किती जळाला, राख किती टन निघाली, कुणाला विकली. हे चार-पाच आकडे एकमेकांशी जुळायला हवेत, राखेची पावती खोटी करणं अवघड असतं. विहिरीच्या पाण्याचे नमुने घेताना डिस्टिलरीच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाच्या दोन अशा घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, रंग, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप), क्षार आणि पोटॅशियम तपासायला सांगा. पोटॅशियम मुद्दाम म्हणतोय. गावच्या सांडपाण्याने विहीर बिघडली असं ते म्हणणारच, पण सांडपाण्यात एवढं पोटॅशियम नसतं. रिपोर्ट आला की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.