रनिंग काउंट पाहून इन्शुरन्स घेऊ नका

ब्लॅकजॅक खेळताना सहा डेकच्या शूमधील (पत्ते वाटण्याच्या पेटीतील) पहिला डेक, म्हणजे ५२ पत्ते, संपताना हाय-लो पद्धतीचा (२ ते ६ ला +१, दहा किमतीचे पत्ते व एक्का यांना -१) रनिंग काउंट, म्हणजे चालू बेरीज, +६ झाला, डीलरचा एक्का दिसला आणि कोणत्या काउंटपासून चाल बदलायची हे सांगणाऱ्या तक्त्यात इन्शुरन्ससमोर (डीलरचा झाकलेला पत्ता दहा किमतीचा निघेल, या वेगळ्या पैजेसमोर) '+३' छापलेले असल्यामुळे आपण तो घेतला, असे आपण लिहिले आहे. हे वाचून माझा जुना मनस्ताप आठवला. काउंट ठेवणे आपल्याला जमते, असे धरून पुढचे लिहितो.

तो '+३' ट्रू काउंटचा, म्हणजे रनिंग काउंटला उरलेल्या डेकनी भागून येणाऱ्या आकड्याचा आहे. पाच डेक शिल्लक असताना +६ चा ट्रू काउंट +१ च्या किंचित वर जातो. दोनच डेक उरले असते, तर त्याच +६ चा +३ झाला असता. इन्शुरन्सवर एकास दोन मिळतात, म्हणून उरलेल्या पत्त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पत्ते दहा किमतीचे असतील तरच तो परवडतो. २६० पत्ते उरले असता असे किमान ८७ हवेत. आपल्या उदाहरणात ते सरासरीने ८२ च्या आसपास निघतात.

मला सर्वाधिक महागात पडला तो एका सशुल्क प्रशिक्षणवर्गाचा तक्ता. आकडे कोणत्या नियमांसाठी काढले आहेत, हे त्यावर कुठेही नव्हते. डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून होणाऱ्या १७ वर) थांबत असेल, तर एक्क्यासमोर ११ वर डबल (पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणे) +१ पासून करावा. तो सॉफ्ट १७ वर पत्ता घेत असेल, तर बेसिक स्ट्रॅटेजीच, म्हणजे काउंट न पाहता खेळायची मूळ पद्धतच, डबल करायला सांगते. त्या तक्त्यात दोन्ही प्रकारांची सरमिसळ होती. विचारणा केली, तर "तक्ता अचूक आहे, सराव वाढवा" एवढेच उत्तर आले, आणि पुढच्या पत्रांना तेही नाही! पैसे घेऊन शिकवणाऱ्यांनी नियमांची एक ओळ छापू नये, याची चीड मला अजूनही येते.

तक्त्यातले दीडशे आकडे पाठ करावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. ब्लॅकजॅकचे अभ्यासक डॉन श्लेसिंजर यांनी १९८६ मध्ये निवडलेल्या, बेसिक स्ट्रॅटेजीतल्या १८ बदलांतच बहुतेक लाभ येतो, आणि त्यातही इन्शुरन्स सर्वांत मोलाचा. त्यानंतर डीलरच्या १० समोर १६ वर ० पासून आणि १५ वर +४ पासून थांबणे, तसेच १२ वर ३ समोर +२ पासून व २ समोर +३ पासून थांबणे पक्के करावे. सरेंडरची (अर्धी पैज गमावून हात सोडून देण्याची) सोय असेल, तर १० समोर पहिल्या दोन पत्त्यांचे १६ बहुधा सोडूनच द्यायचे असतात, त्यामुळे तो आकडा क्वचितच लागतो. दहा-दहाची जोडी ६ समोर +४ ला आणि ५ समोर +५ ला फोडणे (तिचे दोन वेगळे हात करणे) गणिताने योग्य आहे. तरी मी ती फोडत नाही, कारण देखरेख करणाऱ्यांची नजर लगेच वळते.

हे सर्व आकडे हाय-लो, अनेक डेक आणि सॉफ्ट १७ वर थांबणारा डीलर गृहीत धरून दिले आहेत. आपल्या टेबलाचे नियम आणि तिथला कायदा आपणच तपासावा. शूच्या खेळात खरी कमाई बेट कमी-जास्त करण्यातून होते. म्हणून नवा आकडा पाठ करण्याआधी, टाकलेल्या पत्त्यांच्या ट्रेकडे पाहून किती डेक संपले हे अर्ध्या डेकपर्यंत ओळखण्याचा सराव करावा.